खोडलेली किंमत

नोकरीच्या पहिल्याच दिवशी अप्पांनी माझ्या हातात एक काळा मार्कर दिला आणि गोळ्यांचं खोकं पुढं सरकवलं. मी नुकतीच डी. फार्म. होऊन आले होते. औषधं कशी लावायची, कुठली फ्रीजमध्ये ठेवायची, असलं काहीतरी सांगतील अशी माझी समजूत. अप्पा म्हणाले, "हर एक पाकिटावर जिथं किंमत छापलीया, तिथं काळं फास. नीट फास. उजेडाला धरलं तरी दिसाया न्हाय पायजे."

मी विचारलं, "कशासाठी?"

"याक?" अप्पा म्हणाले. याक म्हणजे कानडीत का. त्यांच्या घरात कानडी आणि दुकानात मराठी चालायची, पण राग आला की त्यांना कानडीच सुचायचं. "याक म्हणून इचारायचं आसंल तर कंपनीला इचार. म्या फकस्त पुसतो."

मी पुसायला बसले, आणि ते दुकान बंद पडेपर्यंत पुसत होते.

नळदुर्गात हायवेच्या कडेला, स्टँडपासून थोडं पुढं ते दुकान होतं. बोर्डावर देवाचं नाव नाही, मुलाबाळांचं नाव नाही, नुसतं 'औषधे'. आत अप्पा स्टुलावर बसलेले. उंच, हडकुळे, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, पांढऱ्या शर्टाच्या खिशाला मार्करच्या शाईचा कायमचा डाग. गाव त्यांना तोंडावर अप्पा म्हणायचं आणि पाठीमागं 'काळं मेडिकल'. दोन्ही त्यांना माहीत होतं आणि दुसऱ्याचा त्यांना जरा अभिमानच होता.

आमच्या धंद्याची रीत बाहेरच्या माणसाला सांगितली तर तो म्हणेल, ही बाई बनवते आहे. काही औषधांचे भाव सरकार बांधून देतं. बाकीच्यांची किंमत कंपनी ठरवते आणि पाकिटावर छापते. दुकानदारानं छापल्यापेक्षा रुपया जास्त घेतला तर गुन्हा. पण कंपनीनं मुळात छापायचं किती, हे तिच्या मर्जीवर. म्हणून दुकानाला बारा रुपयांत पडणाऱ्या पाकिटावर शंभर छापलेलं असतं, आणि ते शंभराला विकणारा दुकानदार कायद्याचं पालन करणारा सज्जन माणूस असतो. सरकारनं एखाद्या गोळीचा भाव बांधलाच, तर कंपनी तिच्यात अजून काहीतरी मिसळून किंवा तिची ताकद बदलून नवी गोळी काढते. त्या नव्या गोळीला बांधलेला भाव लागू नसतो. मग डॉक्टर ती नवी लिहून देतात. हे सगळं उघड चालतं. यात लपवाछपवी म्हणून काही नाही.

अप्पा ते बाराचं पाकीट पंधराला विकायचे. आधी ते काही पुसत नसत. पण शेजारच्या एका गावात बिनडिग्रीचा एक डॉक्टर होता. तो अप्पांकडून खोकीच्या खोकी न्यायचा. अप्पांना वाटायचं, गरिबांना वाटतोय. एकदा कुणाच्या तरी मातीला अप्पा त्या गावाला गेले, तर हा ओट्यावर बसून त्यांच्याच गोळ्या छापलेल्या किमतीला विकत होता, आणि म्हातारी माणसं लुगड्याच्या, धोतराच्या गाठी सोडून पैसे देत होती. अप्पा माती तशीच सोडून परत आले आणि त्यांनी पहिला मार्कर विकत घेतला. किंमतच दिसली नाही तर कुणाला लुटता येणार नाही, असा त्यांचा हिशेब. हा हिशेब फक्त अप्पांनाच सुचू शकतो.

अप्पा फार चांगले होते असं मी म्हणणार नाही. माणूस गेला की तो आपोआप चांगला होतो, ही सोय मला त्यांना द्यायची नाही. ते तुसडे होते. चिकट होते. पगार वाढवा म्हटलं की म्हणायचे, "तुझी बी किंमत कंपनीनं छापलीया व्हय?" आणि स्वतःच्याच विनोदावर न हसता कपाटाकडं वळायचे. टॉनिक ते विकत नसत. टॉनिक मागायला आलेल्या माणसाला "शेंगदाणं खा, फुटाणं खा, गप घरी जा" म्हणून परत पाठवायचे. चिठ्ठीवर तीन अँटिबायोटिक दिसली की गिऱ्हाइकासमोर डॉक्टरचा उद्धार करायचे, आणि गिऱ्हाईक पुन्हा कधी आमच्या दुकानाची पायरी चढत नसे. बोलण्यात गोडवा असता तर निम्मं नळदुर्ग आमच्या दारात असतं. पण गोडवा ही गोष्ट त्यांनी टॉनिकसारखी बंदच ठेवली होती.

कंपन्यांचे एमआर, म्हणजे औषधं खपवणारे प्रतिनिधी, यायचे. कडक इस्त्रीचे कपडे, गळ्यात टाय, आमच्या उन्हाळ्यात घामानं निथळत. अप्पा त्यांना बाहेरच्या बाकावर बसवायचे. "ही गोळी तुमच्या कंपनीला कितीला पडती ते सांग, मग आत ये." त्यांना ते माहीतच नसायचं बिचाऱ्यांना. तरी दिवाळीला प्रत्येक कंपनी एक भिंतीवरचं घड्याळ पाठवायची. अप्पा घड्याळं घ्यायचे, खिळा ठोकून भिंतीला लावायचे आणि सेल काढून टाकायचे. दुकानभर बंद घड्याळं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "कंपनीच्या टायमावर म्या दुकान चालवत न्हाय." सेल मात्र ते घरच्या टॉर्चला वापरायचे.

मग रस्त्याच्या पलीकडं नवं मेडिकल झालं. काचेचं दार, आत एसी, आणि बाहेर माणसाच्या उंचीचा बोर्ड, 'सर्व औषधांवर २० टक्के सूट'. तिथं शंभर छापलेलं पाकीट ऐंशीला मिळायचं. आमच्याकडं तेच पाकीट, त्याच कंपनीचं, पंधराला. आणि लोक रस्ता ओलांडून तिकडं जायला लागले.

एक बागायतदार होते, चांगले शिकलेले. ते आमच्या काउंटरवर चिठ्ठी ठेवून म्हणाले, "अप्पा, समोर वीस टक्के सूट हाय. तुमी किती देता?"

"म्या सूट देत न्हाय," अप्पा म्हणाले.

मी मध्ये पडून सांगायला गेले, की काका, इथं पंधराला आहे, तिथं ऐंशीला. त्यांनी पाकीट हातात घेतलं, काळा पट्टा बोटानं घासून बघितला आणि खाली ठेवलं. "ताई, मला हार्टची गोळी पायजे. इतक्या स्वस्तात हार्टची गोळी येती व्हय? आन किंमत झाकता कशापायी? काय तरी गडबड आसल्याबिगर कोण झाकतं?" ते समोर गेले. तिथून येताना त्यांच्या चेहऱ्यावर सूट मिळाल्याचं समाधान होतं.

त्या दिवशी मी अप्पांशी पहिल्यांदा भांडले. म्हटलं, छापलेली किंमत राहू द्या. तिच्या शेजारी आपली किंमत लिहू. लोकांना दोन्ही दिसतील, फरक कळेल, आणि कायद्यातही बसेल, कारण पाकिटावरचं छापील काही खोडायचं नसतं असं आम्हाला कॉलेजात शिकवलंय. अप्पा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "तू सांगतीस ते बरोबर हाय. पर ती किंमत बघितली की माझं डोकं फिरतं. ती म्या दुकानात ठिवणार न्हाय." बस. एवढंच. लोकांचं भलं वगैरे नंतर, आधी त्यांचं डोकं. मला तेव्हा त्यांचा जो राग आला तो अजून पुरता गेलेला नाही, कारण पुढचं सगळं त्या हट्टातून झालं.

तरीही काही माणसं आमच्याकडं टिकून होती. ज्यांना ऐंशी परवडणारच नव्हते अशी. त्यांत सरूबाई होती. हायवेवरच्या एका ढाब्यावर ती भाकरी थापायची. नवरा क्लीनर होता, तो ट्रकबरोबर जो गेला तो परत आला नाही. पदरात एक मुलगी, राणी. राणीला फिट यायची. सोलापूरच्या डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली होती. सकाळ-संध्याकाळ घ्यायची, एकही चुकवायची नाही, अशी. सरकारी दवाखान्यात ती कधी असायची, बहुतेक वेळा नसायची. भाव बांधलेल्या औषधांत फिटची साधी गोळी होती, पण डॉक्टरांनी लिहिलेली होती बराच वेळ काम करणारी, आणि तिच्यावर कंपनीनं मन मानेल तेवढी किंमत छापली होती. अप्पा ती खरेदीच्या भावापेक्षा किंचित वर लावून द्यायचे. राणीला दोन वर्षं फिट आली नव्हती. ती शाळेत जायला लागली होती. सरूबाई आली की अप्पा तिच्याशी धड बोलायचे नाहीत, फक्त गोळ्या कानडीत मोजायचे, "वंद, एरड, मूर," आणि विचारायचे, "चुकली का एकांदी?" ती म्हणायची, "न्हाय अप्पा." हा त्यांचा सगळा संवाद.

कुणीतरी तक्रार केली. कुणी केली ते गावाला माहीत होतं आणि गाव ते बोलत नव्हतं. ड्रग इन्स्पेक्टर आले. तरुण होते, अदबीनं बोलत होते. त्यांनी कपाटं उघडली आणि बघतच राहिले. एका पाकिटावर किंमत नाही.

"हे कुणी केलं?"

"म्या," अप्पा म्हणाले.

"अप्पा, लेबलवरचा मजकूर खोडणं गुन्हा आहे. किंमत दिसली नाही तर ग्राहकाला कळणार कसं, की तुम्ही जास्त घेतलं का कमी?"

"समोर बाराची गोळी ऐंशीला इकतेत. ते चालतं?"

इन्स्पेक्टरांनी हातातलं पाकीट परत कपाटात ठेवलं. मग म्हणाले, "छापल्यापेक्षा कमीच घेतात ते. त्यांच्यावर मला काही लिहिता येत नाही." माणूस वाईट नव्हता. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, नोटीस येईल. सुनावणीला त्यांना सांगा, चूक झाली, पुन्हा होणार नाही एवढं लिहून द्या. चार दिवस दुकान बंद ठेवण्यावर भागवू."

कारणे दाखवा नोटीस आली. धाराशिवला सुनावणी होती. एसटीनं जाताना मी अप्पांना सगळ्या वाटेनं पढवत होते. एवढंच म्हणा, चुकलं. सरूबाईसाठी म्हणा. अप्पा खिडकीबाहेर बघत होते. तुळजापूर मागं पडल्यावर म्हणाले, "म्हणतो."

साहेबांच्या टेबलावर आमची पाकिटं मांडलेली होती. साहेबांनी विचारलं, "तुम्ही किंमत खोडलीत, हे मान्य आहे?"

"मान्य हाय."

"चूक झाली म्हणता?"

मी अप्पांच्या तोंडाकडं बघत होते. त्यांनी एक पाकीट उचललं, उलटसुलट केलं. "साहेब," ते म्हणाले, "ज्यानं ही किंमत छापली त्याला तुमी बोलावलंय का? त्याला बोलवा. त्यो चुकलो म्हणला की लगेच म्या म्हणतो."

साहेबांना राग आला नाही. ते थकल्यासारखे दिसले. त्यांनी कायद्याप्रमाणे लिहिलं. परवाना सहा महिन्यांसाठी निलंबित. खोडलेला सगळा माल जप्त. आणि अप्पांकडं न खोडलेला माल नव्हताच. परत येताना मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. सहा महिन्यांनी त्यांनी परवान्यासाठी अर्जच केला नाही.

मला घर चालवायचं होतं. नळदुर्गात फार्मासिस्ट लागणारं दुसरं दुकान एकच होतं. काचेच्या दारामागं, एसीत, मी छापील किमतीवर वीस टक्के सूट देऊन विकायला उभी राहिले. पगार अप्पांकडच्या दुप्पट मिळाला. मला त्याची लाज वगैरे वाटली नाही. ज्यांना वाटायला हवी त्यांना वाटत नसेल, तर माझ्याच वाट्याला ती का यावी?

सरूबाई आता तिथं यायची. तीच गोळी. फक्त आता पाकिटावर किंमत दिसायची. पहिल्या महिन्यात तिनं पूर्ण घेतली. मग निम्मी पाकिटं न्यायला लागली. मी तिला दटावलं, एकही चुकवायची नाही म्हणून बजावलं. ती म्हणाली, "चुकवत न्हाय मॅडम. फकस्त सकाळची देते. सांजच्याला झोपतीच की ती." मी अप्पांना सांगितलं. ते उठून आत गेले.

आणि एका सकाळी ढाब्यावर, आई भाकरी थापत असताना, शेजारी बसलेल्या राणीला फिट आली आणि तिचा उजवा हात चुलीत गेला. हात वाचला, बोटं आखडली ती कायमची. शाळेत ती डाव्या हातानं लिहायला शिकली, तेही कितीतरी महिन्यांनी.

सोलापूरहून परत आल्यावर सरूबाई थेट अप्पांच्या घरी गेली. मी नेमकी तिथं होते. मला वाटलं, रडायला आली असेल. ती ओसरीवर उभी राहून बोलली, आवाज चढवला नाही. "दोन वर्सं तुमी हलकी गोळी दिली माझ्या लेकराला. किंमत खोडून दिली. समदे म्हणतेत, हलक्या गोळीनं आंग पोखरलं, मंग चांगली गोळी लागू व्हईना. सरकारनं उगंच न्हाय दुकान बंद केलं तुमचं."

मी उसळून उठले. सांगायला तोंड उघडलं, की अगं, तीच गोळी, तीच कंपनी, तू निम्मी देत होतीस. अप्पांनी हात वर करून मला थांबवलं. आयुष्यभर ज्यानं डॉक्टरला सोडलं नाही, साहेबाला सोडलं नाही, तो माणूस त्या बाईसमोर मान खाली घालून बसला. त्यांना कळलं होतं. ती निम्मी देत होती हे जर तिला मी तेव्हा सांगितलं असतं, तर तो हात तिनं स्वतःच चुलीत घातला असं तिला मरेपर्यंत वाटलं असतं. तिनं अप्पांना दोष द्यावा, हेच बरं होतं. ती गेल्यावर मी रडले. अप्पा नाही रडले.

दुसऱ्या दिवशी ते रस्ता ओलांडून आमच्या मेडिकलमध्ये आले. गिऱ्हाईकं बघायला लागली, मालक गल्ल्यावरून उठून उभे राहिले. अप्पा रांगेत थांबले. त्यांचा नंबर आल्यावर मला म्हणाले, "सरूची गोळी. महिन्याची. पुरी."

मालकांनी मोठेपणानं सांगितलं, "अप्पांना पंचवीस टक्के सूट लाव."

"सूट नको," अप्पा म्हणाले. "छापलंय तेवढं घे."

पैसे देऊन झाल्यावर ते खाली वाकले आणि हळू बोलले. "ती आली की निम्मंच पैसं माग तिला, ते म्होरल्या महिन्याच्या गोळीत धर. सांग, सरकारनं भाव उतरवला. आन पाकिटावरची किंमत तिला दिसू दे. दिसली न्हाय तर ती देणार न्हाय पोरीला."

मी तसंच केलं. सरूबाईला सरकारनं भाव उतरवल्याचं सांगितलं. तिनं छापलेली किंमत वाचायला लावली, दोनदा, आणि मग पैसे दिले. अप्पा दर महिन्याला यायचे, रांगेत उभे राहायचे, निम्मे पैसे भरायचे. त्यांच्या बायकोच्या, काकूंच्या, गुडघ्याचं औषध त्यांनी त्या वर्षी बंद केलं, हे मला काकूंकडून कळलं. राणीला पुन्हा फिट आली नाही.

अप्पा गेले त्याच्या थोडंच आधीची गोष्ट. उन्हाळा होता. ते फार खंगले होते, काउंटरला धरून उभे होते. सरूबाईही तेव्हाच आली. राणीला घेऊन आली होती. आता सगळं बरं चाललं होतं आणि तिच्या मनात राग उरला नव्हता. तिनं अप्पांची अवस्था बघितली आणि तिला दया आली.

"अप्पा," ती म्हणाली, "झालं गेलं जाऊ द्या. पर एक सांगते, म्हाताऱ्या मानसाला ऱ्हावत न्हाय म्हणून. सस्त्याच्या नादी लागू नका आता. माझी पोर बगा, ह्या महागाच्या गोळीनं कशी उभी ऱ्हायली. सरकारनं भाव उतरवला म्हणून आमा गरिबाला मिळाली. तुमी बी हितनंच घेत जावा."

दुकानात सगळे ऐकत होते. माझ्या हातात राणीचं पाकीट होतं.

"व्हय बाई," अप्पा म्हणाले. "हितनंच घेतो." आणि तिला पुढं जाता यावं म्हणून ते रांगेतून बाजूला झाले.